हातभर पलीकडं

लंकाबाईला रीत म्हणून नाही. माझी धाकटी जाऊ ती, लग्न होऊन आली तेव्हा भाकरी हातावर थापायला मी शिकवली. आणि आता मी गावाला गेलेली बघून तिनं आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाचे खांब बदलून घेतले. विचारलं नाही, सांगितलं नाही. शेवगावला भाचीचं लग्न होतं. निघताना मी कुंपणाच्या फळीवरून वाकून तिला म्हटलं, लंके, माझ्या कढीपत्त्याला तांब्याभर पाणी घालत जा, तर म्हणाली ‘हं’. हल्ली ती एवढंच म्हणते. त्या ‘हं’च्या पोटात सगळे खांब उभे होते हे मला काय ठाऊक. परत आल्यावर सकाळी मागच्या परसात धुणं धुतलं, लुगडं पिळलं आणि न बघता, रोज टाकते तसं, डाव्या अंगाला कुंपणावर टाकलं. ते खाली पडलं. ओलं लुगडं मातीत पडतं तेव्हा कुणी दमून बसल्यासारखा आवाज येतो. मी लुगड्याकडं बघितलं नाही, हाताकडं बघितलं. दगडावरून उठायचं, कमरेत अर्धं वळायचं, हात सोडायचा, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की डोळे फुटले तरी जमेल. हात बरोबर होता. कुंपण जागेवर नव्हतं. फळ्या त्याच, भिंगारच्या लिलावात घेतलेल्या लष्करी पेट्यांच्या, त्यांच्यावरचे पुसट पांढरे आकडेही तेच. फक्त सगळं मिळून पलीकडं गेलं होतं. लंकाच्या भांड्यांच्या राखेनं काळी पडलेली मातीची एक पट्टी आता माझ्या अंगाला होती. चोरी झाली की पोटात कसं होतं ते मला माहीत आहे. इथं कुणीतरी काहीतरी देऊन गेलं होतं आणि पोटात अगदी तसंच झालं.

मी कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हात जमिनीला लावून मोजलं. एक हात, पुरा. न्हाणीकडच्या टोकाला थोडं जास्तच. मग उकिडवी बसून त्या पट्टीकडं बघत राहिले. माझं माहेर खर्ड्याकडचं. तिकडं दर नांगरटीला शेजाऱ्याच्या नांगराचा एक तास, एक ओळ, बांधाला लागतो, आणि बांध असा हळू हळू येतो की बापाला कळत नाही, पोराला कळतं. इथं केडगावात तर आता नुसत्या दोन बोटांवरून लोक मोजणीवाले आणतात. भिंती येतात, पत्रे येतात, जिन्याची पायरी रस्त्यावर येते. सगळं येतंच असतं. आपणहून आपल्याच घराकडं कुंपण ओढून घेतलेली बाई मी पाहिली नव्हती, आणि लंका काही पहिली व्हायच्या लायकीची नाही. तिला बाजारातून मेथीच्या दोन जुड्या आणायला सांगितल्या तर तीन वेळा विचारते, दोनच ना. अशा बाईनं एवढी मोठी गोष्ट एकटीनं ठरवली, आणि तीही मी नसताना. मला राग आला होता की काय कोण जाणे. रागाला निदान तोंड असतं. हे काहीतरी वेगळं होतं. भाताच्या घासात खडा लागावा आणि थुंकून बघावा तर तो मोती निघावा, मग माणूस काय करेल, दाताला हात लावेल का मोत्याला.

हे कुंपण आमच्या दोघींच्या मालकांनी घातलं होतं. शेजारी शेजारी जागा घेतल्या तेव्हा इथं रान होतं, वारं फिरलं की कांद्याच्या बाजाराचा वास यायचा, अजून येतो. हे एसटीवर होते, कारभारी भाऊजी टेम्पो चालवायचे. सख्ख्या भावांना कुंपण कशाला म्हणून लोक हसले. ह्यांचं म्हणणं होतं की भाऊ आहेत म्हणूनच घालायचं, परक्याशी भांडता येतं. खांब बाभळीचे, गावच्या बांधावरून आणलेले. त्यांची बुडं जाळताना मी आणि लंका चहा घेऊन उभ्या होतो. लंका तेव्हा नवी होती, डोक्यावरचा पदर दातात धरायची. ओल्या लाकडाचं एक टोक जाळात धरलं की दुसऱ्या टोकातून फेस येतो, चर्र चर्र वाजतो, आणि गोडसर काहीतरी वास सुटतो, खरपूस, दुधावरची साय करपल्यासारखा. लंकानं मला हळूच विचारलं होतं, आक्का, त्याला दुखत असंल का. मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही, बहुतेक मी तिला गप केलं असेल. बुडं भाजलेल्या वांग्यासारखी काळी झाली की त्यांना डांबर फासायचं, म्हणजे वाळवी लागत नाही. मग खड्डा, भोवती दगडाच्या चिपा, वर मुरूम, आणि पहारेच्या बुडानं ठेचायचं. आधी भद भद असा मेल्यासारखा आवाज येतो. ठेचत गेलं, पाणी मारलं, परत ठेचलं की आवाज चढत जातो आणि शेवटी खांब अंगातून बोलल्यासारखा वाजतो. तो वाजला की हे पहार टाकून द्यायचे आणि माझ्याकडं बघायचे, जणू मीच वाजले.

पण किती जाळा, किती फासा, खांब जमिनीच्या तोंडाशी कुजतोच. खाली बरा, वर बरा, मधे जिथं माती आणि हवा भेटते तिथं बोट घातलं तर आत जातं. आणि बदलायची वेळ आली की त्याच खड्ड्यात नवा खांब घालत नाहीत. ती माती भुसभुशीत झालेली असते, वाळवीनं घर केलेलं असतं, कितीही ठेचा, भद भद संपत नाही. कोऱ्या जमिनीतच खड्डा घ्यावा लागतो, म्हणजे कुंपण वीतभर या अंगाला तरी सरकणार, नाहीतर त्या अंगाला. भावाभावांनी त्याची पाळी ठरवली होती. एकदा आमच्या अंगाला वीतभर यायचं, खांब कुजले की पुढच्या खेपेला त्यांच्या अंगाला जायचं. तोवर जुनी जमीन घट्ट झालेली असते. असं ते कुंपण आमच्या दोन घरांच्या मधे इकडून तिकडं जात होतं, माणूस झोपेत कूस बदलतो तसं, आणि कुणाची जमीन गेली नाही. पहिल्या खेपेला ते आमच्याकडं आलं. तेव्हा मी बोलले. बोलायचंच. माझा धुण्याचा दगड हलवावा लागला, न्हाणीचं पाणी उलटं यायला लागलं, आणि मी मनातलं मनात ठेवून कुढणारी बाई नाही, जे असेल ते फळीवरून पलीकडं टाकते आणि मोकळी होते. दुसऱ्या खेपेला ते त्यांच्याकडं गेलं, तेव्हा लंका काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही. आणि आता परत पाळी माझ्याकडं यायची होती. गेल्या पावसाळ्यापासून खांब हलत होते, मी रोज धुणं टाकताना मनात शब्द जुळवत होते. वीतभर येणार ते माहीत होतं. आलं की काय बोलायचं ते तयार होतं. आलंच नाही. हातभर गेलं. माझे तयार शब्द तोंडात भिजत घातलेल्या डाळीसारखे फुगून बसले.

सुनेला दाखवलं. अश्विनीनं स्कूटीची चावी बोटात फिरवत बघितलं आणि म्हणाली, आई, बरंच झालं की, कपड्यांचा स्टँड मावेल आता. मी विचारलं, पण का दिली तिनं. ती म्हणाली, काकूंनाच विचारा ना, आणि गेली. विचारायला मला काय धाड भरली होती. पण विचारायचं म्हणजे मला कळलं नाही असं आधी कबूल करायचं, आणि तेही लंकापुढं. तेव्हा मी फळ्यांच्या फटीतून बघायला लागले. बघण्यात कमीपणा नाही, फट मी पाडलेली नाही. पलीकडं कुंपण आणि तिच्या न्हाणीची भिंत यांच्यामधे आता एवढीशी वाट उरली होती. लंका पाण्याची बादली घेऊन आली, थांबली, आडवी झाली, बादली पुढं धरली आणि पोट आत ओढून एकेक पाऊल टाकत गेली. खांबांना जळकं ऑईल लावलेलं, ते तिच्या पोलक्याच्या बाहीला लागलं होतं, काळा ओरखडा. परत आली तीही आडवीच. कपाळाला आठी नाही. आपण स्वतःच्या घराची वाट स्वतःच बुजवली हे जणू तिला ठाऊकच नव्हतं, किंवा इतकं पक्कं ठाऊक होतं की त्यावर आठी खर्च करायची नव्हती. मी फटीला डोळा लावून तिचे तळपाय बघत होते. लंकाला भेगा पडल्यात हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी तिचं तोंडच बघत आले होते, बोलायला समोर तोंड लागतं म्हणून.

मग वाटलं, दुखणं असेल. मोठं दुखणं आलं की माणसं वाटून टाकायला लागतात. माझी एक आत्या मरायच्या आधी भांडी वाटत सुटली होती, तिला कुणी विचारलं तर म्हणायची, जड होतात. पण लंकाचा रंग चांगला होता, आणि आडवी होऊन का होईना बादली भरलेली नेत होती. मग वाटलं, भाऊजींच्या नावानं काही पुण्य. भाऊजी मागच्या उन्हाळ्यात गेले. आमचे हे तर त्याच्या किती आधी गेले. पण पुण्य करायचं तर ते देवळात करावं, माझ्या धुण्याच्या दगडापाशी कशाला. मग वाटलं, मला लाजवायला. हे मला जरा पटलं, कारण मी असते तर तेच केलं असतं. पण लंकाच्या अंगात तेवढं पाणी नाही. शेवटी जे मनात आलं ते मी लगेच बाजूला सारलं आणि ते परत आलं. तिची लेक निकिता पुण्याला असते, तिला घेऊन जायचं म्हणते. जागा विकायची असेल तर माणूस आधी कटकट मिटवतो, शेजाऱ्याला हवं ते देऊन टाकतो, म्हणजे सह्या करताना कुणी आडवं येत नाही. लंका जाणार. मला काय त्याचं. घर माझं भरलेलं आहे, लेक आहे, सून आहे. पण लेक कानात ते पांढरं काहीतरी घालून फिरतो आणि सून चावी फिरवते. सकाळी धुणं धुताना तोंड बंद ठेवायचं मला जमत नाही. दगडाशी बोलणाऱ्या बायका मी पाहिल्यात, पोरं त्यांच्या नकला करतात. लंका निदान ‘हं’ म्हणते. फळीच्या पलीकडं ‘हं’ म्हणणारं कुणी नसेल तर मी काय बोलेन, आणि बोलले तर ते कुठं जाईल, हा विचार मी याआधी कधी केला नव्हता. तो नाकातल्या शिंकेसारखा अडकून बसला, धड येईना, धड जाईना.

खांब बसवणारा शमशेर उरलेल्या फळ्या ठोकायला आला. वयानं माझ्या लेकाएवढा असेल, पण जीभ माझ्या तोडीची. त्याला मी पाणी दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की बाबा, डोळे तपासून घेतलेस का, कुंपण कुठं चाललंय तुझं. त्यानं तोंडातले खिळे हातात काढले. म्हणाला, जुने खड्डे बघूनच त्याला पाळी कळली होती, पहार आधी माझ्याच अंगाला टेकवली होती. तर लंकाबाई न्हाणीपाशी उभी राहून म्हणाली, अलीकडं घे. त्यानं वीतभर घेतलं. म्हणाली, अजून. तो पुढं म्हणाला, “मावशी, मी इचारलं त्यांना, काकू, आजून अलीकडं घेतलं तर खांब न्हाणीत जाईल, मग टॉवेल अडकवायला बरा हाय. तर हसल्याबी न्हाईत. म्हणल्या, हातभर घे, कुनी म्हणायला नको.” कुणी म्हणजे कोण, मी विचारलं. शमशेरनं माझ्याकडं बघितलं, मग हातोडीकडं बघितलं, आणि खिळे परत तोंडात धरले. एरवी त्याचं तोंड बंद करायला दोन माणसं लागतात. त्या दिवशी खिळ्यांनी त्याची सोय केली.

मी पदर खोचला आणि निघाले. फळीवरून नाही, रस्त्यानं. तिच्या पुढच्या दारानं मी भाऊजींच्या दहाव्यानंतर गेले नव्हते. कारण लागलं नव्हतं, जे काय ते मागूनच व्हायचं. लंका उंबऱ्याच्या आत बसून ज्वारी निवडत होती. मला बघून उठायला लागली, मी हातानं बस म्हटलं. चहा टाकू का म्हणाली. नको म्हटलं. तिचं घर आमच्या घरासारखंच, फक्त उलटं. आमची खिडकी उजवीकडं, हिची डावीकडं. मागचं दार उघडं होतं आणि त्यातून कुंपण दिसत होतं, त्याची ही बाजू, जी मी कधी धड बघितलेली नव्हती. माझ्या लुगड्याचा काठ फळीवरून अलीकडं लोंबत होता. म्हणजे रोज हिला स्वैपाक करताना माझा काठ दिसत असणार. सूप तिच्या मांडीवर होतं आणि बोटं चालूच होती. मला एकदम वाटलं की विचारूच नये. जे मला कळेल ते कळल्यावर परत ठेवून देता येणार नाही. पण पायांनी आणलं होतं, आणि मी आल्या पावली परत गेलेली बाई नाही. “पुण्याला चाललीस का,” मी म्हटलं.

“कुठं पुण्याला?”

“मंग खांब का सरकवलेस? पाळी माझी हुती.”

लंका सुपातला एक खडा चिमटीत धरून बसली. तो टाकायचा कुठं हे तिला सुचेना. “आक्का, पयल्या खेपेला वीतभर तुमच्याकडं आलं हुतं,” ती म्हणाली. “खांब कुजंस्तवर तुमी बोलल्या.”

“मग? बोलनार न्हाई व्हय?”

“बोला की. तवा हे हुते. सकाळी तुमी बोलायच्या, रातच्याला जेवताना हे तुमच्यावानी हात करून बोलून दावायचे. दोघं हसायचो. हसलं की ते जायचं.” तिनं खडा शेवटी परत सुपात टाकला. “आता एकटीच ऐकती, आन ते पोटात ऱ्हातं. लई ऱ्हातं. म्हणलं हातभर जागा जाऊ द्या. तुमाला बोलायला काय उरायचं न्हाई.”

मी बसले. उंबऱ्यावर बसू नये तरी उंबऱ्यावरच बसले. माझं बोलणं फळीवरून पलीकडं पडलं की संपलं, असं मी धरून चालले होते. खरकटं पाणी टाकलं की ते कुठं जातं हे कोण बघतं. आणि ते इथं येत होतं. या घरात, या चुलीपाशी, सकाळचं माझं बोलणं दिवसभर पडून राहायचं, आणि रात्री भाऊजी टेम्पो लावून आले की ताटावर बसून ते परत उचलायचे, झटकायचे, हात करायचे, आणि दोघं नवरा-बायको माझ्यावर हसायची. इतकी वर्षं. भाऊजी माझ्यापुढं मान वर करून बोलले नाहीत कधी, वहिनी म्हणायचे ते सुद्धा दाराकडं बघून. मला राग यायला हवा होता. मी रागाची वाट बघितली. आला नाही, त्याच्या जागी एक विचित्र हावरेपणा आला, पोरीबाळींसारखा. मला ते बघायचं होतं. मी कशी दिसते, मी कशी वाजते, कुठला हात वर करते. ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आरशात बोलताना बघत नाही कुणी. “कसं करायचे?” मी विचारलं.

लंकानं सूप जवळ ओढलं. म्हणाली, जाऊ द्या आक्का. मी म्हटलं, कर. तिनं सूप बाजूला ठेवलं. उभी राहिली. पदर कमरेला खोचला, मी खोचते तसा, पण ज्या ठिकाणी खोचला ते मला माहीत नव्हतं, इतका मागं, जवळ जवळ पाठीला. डावा हात वर गेला, बोटं पसरली, पाखरू उडवल्यासारखी. मान तिरकी. आणि तिच्या तोंडातून एक जाड, घोगरा आवाज निघाला, जो तिचा नव्हता आणि माझाही नव्हता. तो भाऊजींचा होता. भाऊजी माझा आवाज काढत होते आणि लंका भाऊजींचा. “लंके, ही वीत काय तुझ्या बापानं आंदन दिली व्हय?” एवढंच म्हणाली. हात तसाच वर राहिला. मी त्या हाताकडं बघत होते. त्यात मी होते, भाऊजी होते, आणि खाली बाहीवर काळ्या ऑईलचा ओरखडा होता, तो तेवढा लंकाचा. तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, हसू येणार की रडू हे तिलाच कळलं नाही, आणि तिनं हात खाली घेतला. बाहेर कुणाची तरी स्कूटी गेली. लंका पदर सोडत होती, घाबरल्यासारखी, आता आक्का काय म्हणते म्हणून. मी उंबऱ्याला हात टेकून उठले.

“लंके, त्या शमशेरला माघारी बोलाव,” मी म्हटलं. “पाळी माझी हाय. खांब माझ्या अंगाला वीतभर घ्यायचे, बोटभरबी कमी न्हाई. मी बोलनार. तोंड हाय तवर बोलनार, हातभर मातीत गप बसायची बाई न्हाई मी. आन एकटीनं ऐकवत नसंल, तर उलटं बोल.”